शिक्क्याच्या तारखेची सर्दी

सहादूबद्दल मला फार थोडं माहीत आहे. राजूरच्या आमच्या बोर्डिंगात तो अकरा वर्षं स्वयंपाकी होता आणि मी कारकून. रोज दुपारी मी त्याच्या हातची आमटी-भाकरी खाल्ली, पण त्याला मुलं किती, हे कधी विचारलं नाही. आडनाव मला हजेरीपटामुळे ठाऊक होतं आणि गाव रजेच्या अर्जामुळे. एवढ्याशा माहितीवर कुणाबद्दल लिहू नये, हे मलाही कळतं. पण त्याची एक गोष्ट अशी आहे की ती आम्हा दोघांनाच नीट समजली होती, आणि गेल्या थंडीत तो वारला. म्हणून लिहितो आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

बोर्डिंग चालवायचे आप्पासाहेब, संस्थेचे सचिव. ते शिस्तीचे मोठे भोक्ते. शिस्त म्हणजे त्यांच्या लेखी आवक शिक्का. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर मी तो मारायचो आणि त्यात त्या दिवसाची तारीख घालायचो. कागद त्या तारखेला जन्माला आला, असं आप्पासाहेब धरून चालायचे. आत काय लिहिलंय आणि कधी लिहिलंय, ही पुढची गोष्ट. एका वर्षी अतिवृष्टीच्या इशाऱ्याचं पत्र टपालात अडकलं आणि दसऱ्यानंतर पोचलं. आप्पासाहेबांनी लख्ख उन्हात दोन दिवस सुट्टी दिली आणि कुणी ओढ्याकडे फिरकू नये, अशी सूचना काढली. ओढा तेव्हा आटत आला होता. सूचना मीच फळ्यावर लिहिली. अक्षर चांगलं आलं होतं.

१९९६ च्या ऑगस्टात बोर्डिंगात सर्दीची साथ आली. पोरं शिंकत होती, मास्तर शिंकत होते, सहादूही शिंकत होता. शिंकत शिंकतच त्यानं ऐंशी पोरांच्या भाकरी थापल्या. कुणी हरकत घेतली नाही, कारण दुसरं कोण थापणार?

त्याच सुमाराला पुण्याहून डॉक्टर प्रज्ञा नावाच्या बाई संशोधनासाठी आल्या. साधी सर्दी करणाऱ्या विषाणूंमध्ये कोरोना नावाचं एक कूळ असतं, आणि सर्दी झालेल्या माणसाच्या नाकात त्यातला विषाणू किती दिवस मुक्काम करतो, ते त्यांना शोधायचं होतं. दर सोमवारी त्या यायच्या, नाकात कापसाची काडी फिरवायच्या आणि ती बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला न्यायच्या. अकरा पोरं आणि सहादू, अशा बाराजणांचे चार सोमवार नमुने घेतले. पहिला पाच ऑगस्टला, शेवटचा सव्वीसला.

आप्पासाहेबांनी विचारलं, "माणूस बरा झाला म्हणजे संपलं ना, बाई?"

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "बरा झाल्यावरही काही दिवस विषाणू नाकात सापडतो. कुणाच्या आठवडाभर, कुणाच्या पंधरा दिवस, एखाद्याच्या आणखी. नक्की किती, तेच शोधतोय. आणि सापडला म्हणजे तो दुसऱ्याला लागेलच, असंही नाही."

शेवटचं वाक्य होईपर्यंत आप्पासाहेब चहा सांगायला उठले होते. परत येऊन त्यांनी फर्मावलं की स्वयंपाक्याचा अहवाल कार्यालयाला पाठवावा. बाई जरा घुटमळल्या. त्यांनी सहादूला विचारलं.

"पाठवा की," सहादू म्हणाला. "माज्या नाकात काय चोरीचा माल हाय का?"

नमुने तपासून अहवाल यायला सात ते दहा आठवडे लागायचे. पहिला आला तेवीस सप्टेंबरला. 'नमुना दिनांक ५ ऑगस्ट, विषाणू आढळला.' सहादूची सर्दी जाऊन महिना उलटला होता. पण मी शिक्का मारला, आणि सहादू तेवीस सप्टेंबरला आजारी पडला.

आप्पासाहेबांनी त्याला पंधरा दिवस स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये, असं सांगितलं आणि फाटकावर बसवलं. चुलीपुढं आले त्यांचे कारभारी नावाचे मेहुणे. हे कारभारी तोवर काय करत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांना सर्दी मात्र बारमाही असायची.

हे वाटतं तेवढं गमतीचं नव्हतं. दिवाळीआधी बोर्डिंगची तपासणी व्हायची होती. तपासणीचे साहेब येतील त्या दिवशी चुलीपुढं जो असेल, त्याचं नाव कायम स्वयंपाकी म्हणून लागणार होतं. सहादू अकरा वर्षं हंगामी होता.

पहिल्याच दिवशी तो माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, त्या कागदावर तारीख कोन्ती हाय?"

"पाच ऑगस्ट."

"आन आज?"

"तेवीस सप्टेंबर."

"म्हंजी सर्दी मला तवा हुती. आत्ता न्हाई."

"हो."

"मंग आप्पासाहेबांना तेवढं सांगा की."

मी गेलो. आप्पासाहेबांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणालो, "साहेब, ती तारीख जरा..."

"शिक्का कुणी मारला?"

"मी."

"मग?"

या 'मग'ला उत्तर आहे, हे मला आज सुचतं. तेव्हा मी 'बरोबर आहे' म्हणालो आणि बाहेर आलो. सहादूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो फाटकाकडे गेला.

दुसरा अहवाल सात ऑक्टोबरला आला. नमुना बारा ऑगस्टचा, विषाणू आढळला. आणखी पंधरा दिवस. तिसरा एकवीस ऑक्टोबरला. नमुना एकोणीस ऑगस्टचा, थोडा आढळला. थोडा हा शब्द आप्पासाहेबांनी वाचला नाही. आणखी पंधरा दिवस.

आमचे दोन मास्तर, सहादू नवा होता तेव्हा चार महिने घरून डबा आणायचे. बौद्ध माणसाच्या हातचं खायचं नव्हतं, पण तसं बोलायचीही सोय नव्हती, म्हणून 'पथ्य आहे' म्हणायचे. पुढं त्याच्या आमटीचा वास डब्याला भारी पडला आणि पथ्य सुटलं. या सर्दीत त्या दोघांना मोठा हुरूप आला. "आम्ही आधीपासूनच म्हणत होतो, स्वच्छता पाहिजे," असं एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. जात काढायची पंचाईत होती, विषाणू काढायची नव्हती. कारभारींनी नाक सदऱ्याच्या बाहीला पुसत भाकरी वाढली, ती त्यांनी मुकाट खाल्ली.

एकदा आप्पासाहेब फाटकातून आत येत होते, तेव्हा सहादूनं उठून विचारलं, "कारभारींचं नाक तपासलं का, साहेब?"

"त्यांचा काही अहवाल आलेला नाही."

"नमुनाच न्हाई घेतला, तर यील कसा?"

"आलेला नाही ना? मग झालं."

पाहुण्याशी बोलल्यासारखं गोड बोलून ते आत गेले. सहादू मला म्हणाला, "भाऊसाहेब, मला सर्दी हुती तवा समद्यांनी माज्या हातचं खाल्लं. गेली, तर मी रोगी. आता परत झाली म्हंजी बरा व्हईन."

तपासणी तीस ऑक्टोबरला ठरली. आदल्या आठवड्यात कारभारींनी केलेली आमटी पोरांनी झाडाला घातली होती, त्यामुळे आप्पासाहेब काळजीत पडले. तपासणीच्या सकाळी त्यांनी सहादूला मागच्या दारानं स्वयंपाकघरात बोलावलं. त्या सकाळपुरता विषाणू रजेवर गेला असावा. सहादूनं आमटी केली, भाकरी थापल्या, मिरचीचा ठेचा कुटला, आणि साहेबांची जीप दिसायच्या आत त्याला पुन्हा फाटकावर पाठवण्यात आलं. जीपला फाटक त्यानंच उघडलं.

साहेब जेवले. दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली आणि मग विचारलं, "स्वयंपाकी कोण?"

यादी माझ्या हातात होती. आप्पासाहेब माझ्याकडे पाहत होते. मी कारभारींचं नाव वाचलं. साहेबांनी शेरा लिहिला, 'स्वयंपाक उत्तम'.

चौथा अहवाल चार नोव्हेंबरला आला. नमुना सव्वीस ऑगस्टचा, विषाणू आढळला नाही. म्हणजे पहिला कागद येऊन त्याला चुलीपासून उठवलं, त्या दिवशी त्याचं नाक चार आठवडे साफ होतं. मी हे कागदावर मांडून पाहिलं, दोनदा. मग शिक्का मारला.

"छान," आप्पासाहेब म्हणाले. "आजपासून सहादू निरोगी. त्याला कामाठी म्हणून घ्या. कारभारींच्या हाताखाली राहील, आमटीवर नजर ठेवील."

मी तसं सांगितलं. सहादू फाटकाजवळच्या दगडावर बसला होता.

"आमटी म्या करायची आन नाव तेंचं लागायचं," तो म्हणाला. "ते एकडाव झालं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर समजलं की तो लग्नकार्यात आचारी म्हणून जाऊ लागला आणि तालुक्याच्या अकोले गावापर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली. ज्या मास्तरानं स्वच्छता काढली होती, त्याच्याही मुलीच्या लग्नात सहादूच होता. पंगतीत मी होतो. सर्दीची चौकशी कुणी केली नाही.

त्याच्याशी बोलायचं मी खूपदा ठरवलं. काय बोलायचं, तेही ठरलं होतं. निवृत्तीनंतर एकदा राजूरच्या बाजारात तो दिसला, तेव्हा मिरचीच्या ढिगापुढं उकिडवा बसून एकेक मिरची मोडून हुंगत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं, हसला, आणि मला जागा व्हावी म्हणून जरा सरकला.

"कुणाकडचं कार्य?" मी विचारलं.

"शेंडी गावाकडं. तीनशे पानं हायती."

"बरं."

"तुमी काय, मिरची घेताय?"

"अर्धा किलो म्हणतोय. ही कशी आहे?"

"ही नका घेऊ, वली हाय. पलीकडची घ्या, भाऊसाहेब."

"बरं," मी म्हणालो. "पलीकडची घेतो."