चुळबुळे मास्तरांचा वस्तरा

आमच्या मेडिकल कॉलेजच्या फाटकासमोर एक केशकर्तनालय होतं. मालकाचं आडनाव पाटीवर ठळक लिहिलेलं, पण ते कुणीही घेत नसे. तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि पाठीमागे आम्ही विद्यार्थी म्हणायचो चुळबुळे. स्वस्थ बसणं म्हणजे काय हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. उभे असले की डावी टाच जमिनीवर टकटक, बसले की उजवा पाय हलतोय तो हलतोयच. मी स्वतः महाउतावळा प्राणी, पण मलासुद्धा त्यांच्याकडे बघून ओरडावंसं वाटायचं, की अहो, जरा टेका की कुठेतरी!

हातात वस्तरा आला की मात्र सगळं थांबायचं. टाच थांबायची, बडबड थांबायची. गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून पातं फिरत असताना त्यांची पापणीही लवत नसे. दर तिसऱ्या दिवशी दाढीला येणारे एक रिटायर्ड हेडक्लार्क आजोबा तर खुर्चीत चक्क घोरायचे. वस्तरा पुसून ठेवला, की टकटक पुन्हा सुरू.

हे मास्तर आमच्या प्रयोगशाळेत कसे आले, ती मोठी गंमत आहे. मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात 'मेंदूविज्ञान संशोधन प्रशिक्षण' सुरू झालं. दहा विद्यार्थी, दोन वर्षं, नेहमीचा अभ्यास सांभाळून आठवड्यातल्या दोन दुपारी. आम्ही त्याला नुसतं ट्रॅक म्हणायचो. निवड झाल्यावर मी हवेत होतो. वाटलं, आता मेंदूची रहस्यं उलगडणार. पहिले तीन महिने गेले ते लोकांच्या केसांत पेस्ट लावण्यात. डोक्यावर ठरलेल्या एकवीस जागी तारा चिकटवायच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख पडद्यावर उमटतो. याला ईईजी म्हणतात. ऐकायला सोपं आहे. दाट केसांतून टाळूची पांढरी रेघ शोधून बघा एकदा, मग कळेल.

आमचं पहिलं डोकं होतं ग्रंथालयातल्या बाईंचं. दीड तास आम्ही त्यांच्या केसांशी झटापट केली. त्या रडकुंडीला येऊन समोरच्या दुकानात केस धुवायला गेल्या, आणि दहा मिनिटांत मास्तर हातात कंगवा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात.

"कुणी केलं हे? हे डोकं आहे की पायपुसणं?"

आमच्या ट्रॅकप्रमुख मॅडम म्हणजे शब्द तोलून बोलणारी बाई. त्यांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही शिकवाल का यांना?"

झालं. त्या दिवसापासून आमच्या वेळापत्रकात मास्तर आले. आठवड्यातून दोन दुपारी ते आम्हाला भांग पाडायला शिकवायचे. "डॉक्टर, केस ओढू नका, त्याला वळवा. आधी बघा त्याला कुठे जायचंय." सगळ्यांना डॉक्टर म्हणायचे, पण माझ्या वेळी त्या शब्दाला एक खवचट हेल असायचा. कारण मी सगळ्यांत घाईचा. "या डॉक्टरांना आलेख आधी हवा, डोकं नंतर आलं तरी चालेल," असं म्हणून ते खो खो हसायचे. मला राग यायचा, कारण ते खरंच होतं.

माझ्या वाट्याला आलेलं काम होतं निरोगी माणसांचे वीस आलेख घेण्याचं. एकोणीस झाले. विसावा माणूस ऐनवेळी आलाच नाही, आणि सोमवारी सगळ्या ट्रॅकपुढे मला आकडे मांडायचे होते. शनिवारची दुपार. मी खोलीत येरझाऱ्या घालतोय, मास्तर कंगवे धुतायत.

"मास्तर, बसा तुम्हीच."

"मी? अहो, मी कुठला बसतोय!"

"वीस मिनिटं. माझ्यासाठी."

त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि बसले बिचारे. मी भराभर तारा चिकटवल्या. मॅडमचा पहिला नियम असा होता, की आलेख चालू असताना समोरचा माणूस काय करतो ते मिनिटामिनिटाला समासात लिहायचं. खोकला, डोळे मिटले, मान वळवली, सगळं. दुसरा नियम भिंतीवरच लावला होता: विद्यार्थ्याने काय दिसलं ते समोरच्याला सांगायचं नाही, ते फक्त मॅडम सांगतील. मी समासात एक अक्षर लिहिलं नाही. माझे डोळे पडद्याला चिकटलेले. आणि आठव्या मिनिटाला उजव्या बाजूच्या एका तारेवर टोकदार लाटा आल्या. एकामागून एक, एकसारख्या. पुस्तकात फिट येणाऱ्या माणसाच्या आलेखात असतात तशाच. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. मी काहीतरी शोधलं होतं!

"मास्तर, तुम्हाला कधी फिट आली होती का हो?"

"नाही बुवा. का?"

"नाही, डोक्यात जरा गडबड दिसतेय."

बोलून गेलो. त्यांचा हलणारा पाय थांबला. मी पाहिलं होतं, तो थांबला. पण मला तेव्हा कशाचं काय! त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हात अचानक उडू शकतो?" मी म्हणालो, "उडूही शकतो." दीडशहाणा.

सोमवारी मॅडमनी माझा आलेख पाहिला. लाटांवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे हे गृहस्थ काय करत होते?"

मी समासात बोट फिरवलं.

"समास कोरा का आहे?"

मग त्यांनी विचारलं, "यांना काही सांगितलंत?" तेव्हा मला खरं सांगावं लागलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, की समास कोरा असेल तर या लाटा मेंदूच्या की कशाच्या, हे जगात कुणी सांगू शकत नाही. आलेख पुन्हा घ्यायचा. तो होईपर्यंत माझं ट्रॅकमधलं नाव अधांतरी.

मी धावतच दुकानात गेलो. हेडक्लार्क आजोबा खुर्चीत बसलेले, गालांवर पांढरे खुंट, तोंडाचा हा फुगा. मास्तर त्यांचे केस कात्रीने कापत होते.

"शनिवारपासून हा माझी दाढी करत नाही," आजोबांनी मलाच जाब विचारला. "हात दुखतोय म्हणे. कात्री धरताना नाही दुखत!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वस्तरा खालच्या खणात, खणाला कुलूप. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दुकानात टकटक नव्हती. टाच जमिनीला टेकलेली, मान ताठ, पावलं मोजून मापून. माणूस स्वतःवर पहारा ठेवत होता. त्यांची चुळबूळ मला दोन वर्षं डोक्यात जायची. आता मी तीच शोधत त्यांच्या टाचेकडे बघत उभा राहिलो.

"मास्तर, पुन्हा एकदा बसा. माझं चुकलं असेल."

"नको डॉक्टर. एकदा कळलं ते पुरे. माझ्या हातून कुणाचा गळा कापला गेला, तर तुमचा आलेख येणार आहे का साक्षीला?"

मागच्या खोलीतून काकू आल्या, मास्तरांच्या पत्नी. ओले टॉवेल खांद्यावर. "हेच का ते डॉक्टर? अहो, घरात हा माणूस रात्रंदिवस आपल्या हाताकडे बघत बसतो. जेवताना चमचा धरला तरी बघतो. तीस वर्षांत मी याला कधी गप्प पाहिलं नव्हतं, ते तुम्ही करून दाखवलंत. शाबास!"

मला जमीन दुभंगावी असं झालं. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी आणते यांना. बघू कसे येत नाहीत."

आणि आणलं. दंडाला धरून, दुकानाला कुलूप लावून. मॅडम स्वतः येऊन बसल्या. या वेळी मी भांग मास्तरांनी शिकवला तसाच पाडला, केसाला वळवत. एकवीस तारा लावायला पाऊण तास घेतला. मग समास लिहायला बसलो. दोन वाजून पाच, डोळे मिटले. दोन वाजून सहा, हालचाल नाही. दोन वाजून सात, हालचाल नाही. वीस मिनिटं आलेख अगदी स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, "काहीही नाही. उत्तम आहे." कागदावर सही करून त्यांनी तो मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "आज नाही आलं. उद्या येईल. त्या दिवशी आलं होतं ना?"

त्यांचं चुकत नव्हतं. त्या दिवशीच्या लाटा कागदावर होत्याच, आणि त्या कुठून आल्या ते सांगता येत नव्हतं, कारण मी लिहिलंच नव्हतं. काकूंनी डोळ्याला पदर लावला. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी आपला माझ्याच समासाकडे बघत राहिलो. हालचाल नाही. हालचाल नाही. हालचाल नाही. सगळी वीस मिनिटं.

चुळबुळे मास्तर, आणि हालचाल नाही?

"मॅडम, तारा काढू नका!" मी जवळजवळ किंचाळलो. त्या दिवशी घाईत मी तारांचा जुडगा खुर्चीच्या हातावरून तसाच लोंबता सोडला होता, आणि उजवीकडची एक तार नीट बसलीच नव्हती. मी ती तार सैल केली, जुडगा होता तसा लोंबता सोडला. मग मास्तरांसमोर उकिडवा बसलो.

"मास्तर, पाय हलवा."

"कसा?"

"कसा म्हणजे? नेहमी हलवता तसा!"

ते पायाकडे बघत राहिले. एकदा उचलला, एकदा ठेवला. कवायतीत उचलावा तसा. विसरले होते हो! तीन दिवस दाबून धरलेला पाय त्यांना सापडेना. माझा धीर सुटत चालला होता.

"अहो, जेवताना टेबल हलवता तसा!" काकू कडाडल्या. "माझ्या ताटातली आमटी सांडते तसा!"

मास्तरांना हसू आलं. आणि हसता हसता पाय सुटला. खुर्ची हलली, जुडगा हलला, आणि पडद्यावर उजवीकडे टोकदार लाटा आल्या. एकामागून एक, एकसारख्या. त्याच.

"थांबवा," मॅडम म्हणाल्या.

पाय थांबला, लाटा थांबल्या.

"हलवा."

लाटा आल्या. मास्तर पडद्याकडे मान वळवून बघत होते. मग कुणी न सांगता त्यांनी पाय थांबवला, पुन्हा हलवला, पुन्हा थांबवला. चार-पाच वेळा तरी केलं असेल. "हा माझा पाय आहे?" त्यांनी विचारलं. "तुमचाच," मॅडम म्हणाल्या, "आणि आमच्या विद्यार्थ्याची घाई." काकू मटकन स्टुलावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी समासात लिहिलं: दोन वाजून एकोणचाळीस, उजवा पाय हलतो. आयुष्यात इतकं जपून मी काही लिहिलेलं नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी दुकानात डोकावलो, तर टकटक सुरू झालेली आणि खणाला कुलूप तसंच. हेडक्लार्क आजोबा खुंट वाढवून बाकावर रुसून बसलेले.

"मास्तर, कागद दिलाय ना मॅडमनी? डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाहिलं. मला पटलंय हो. हाताला पटत नाही." त्यांनी तळवे माझ्यापुढे धरले. "एक माणूस खुर्चीत मान मागे टाकतो डॉक्टर, तो कशाच्या जोरावर? मी आजोबांना कसं सांगू, टाका मान म्हणून? तुमच्या एका वाक्याने ते गेलं."

मीच बोलून बोलून तर ही वेळ आणली होती. मी खुर्चीत जाऊन बसलो, मान मागे टाकली आणि गळ्याचं बटण काढलं.

"काय हे?"

"दाढी."

"तुम्हाला दाढी आहेच कुठे?"

"असेल तेवढी करा."

बाकावरून आजोबा पुढे वाकले. बऱ्याच वेळाने खणात किल्ली फिरल्याचा आवाज आला. पांढरा कपडा अंगावर पडला, गळ्याला गार फेस लागला, पट्ट्यावर वस्तरा फिरल्याचा आवाज झाला. आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. आलेख पाहिला होता, पायाचं रहस्य मीच उकललं होतं, तरी भीती वाटली. छताकडे बघत मी मनात म्हणत होतो, आता कर बाबा काय करायचंय ते.

टकटक थांबली.

पातं अजून लागलं नव्हतं. मास्तर माझ्यावर वाकून खाली कुठेतरी बघत होते, पांढऱ्या कपड्याच्या टोकाकडे.

"डॉक्टर, तुमचा पाय हलतोय."

"सॉरी."

"असू दे," ते म्हणाले. "फक्त लिहून ठेवा." आणि त्यांनी वस्तरा माझ्या गळ्याला लावला.