ओढ्यातली दोन तांबूस पिल्लं

अन्याय दोन पिल्लांवर झाला. गेल्या फेब्रुवारीत, शिकारीच्या हंगामातल्या पहिल्या शनिवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण ती लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. अन्याय करणारे आम्ही दोघं. गोळी झाडणारे काका, आणि "मारा" म्हणणारी मी.

हे काका नात्यातले नव्हेत. इथे अमेरिकेत, चँडलरला मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते, ते. चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, मूळचे भंडाऱ्याकडचे, लहानपणी मामाबरोबर रानडुकरांमागे हिंडलेले. मी पुण्याहून मास्टर्सला आलेली. तिथे टेकड्या वाचवायला पत्रकं वाटायचे, इथे आल्यावर हावेलिना या इथल्या डुकरासारख्या दिसणाऱ्या रानजनावरासाठी लिहायला लागले. 'हे डुक्कर नाही' अशी त्या पत्रकाची पहिलीच ओळ. मानेभोवती पांढुरका पट्टा, सुळे सरळ खाली गेलेले, शेपूट असून नसल्यासारखं, नजर अधू, नाक तिखट. आणि जाड अक्षरांत: नर-मादी लांबून ओळखू येत नाहीत.

हे सगळं मी लिहिलं होतं. जिवंत हावेलिना मात्र पाहिला नव्हता.

"पत्रकं वाटून जनावर कळत नसतं, बाई," काका म्हणाले. त्यांना त्या वर्षी टॅग लागला होता. इथे शिकारीचा परवाना सोडतीत निघतो, त्याला टॅग म्हणतात. "चल माझ्यासोबत. बंदुकीला हात लावू नको, दुर्बीण धर."

बंदुकीला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. मी विद्यार्थी व्हिसावर आहे. हल्ली सिग्नलला पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली तरी माझे हात गार पडतात.

उजाडताना आम्ही एका कोरड्या ओढ्यात उतरलो. दोन्ही बाजूंना फड्या निवडुंग, त्याच्या पानांचे कुरतडलेले तुकडे वाळूत पडलेले. आधी वास आला. उग्र, घामट, नाकात बसणारा. मग आवाज. दातावर दात आपटल्याचा, कोणी टाइपरायटर बडवतंय तसा. मी काकांच्या मागे सरकले.

"घाबरतेस काऊन?" काका कुजबुजले. "कुत्र्याएवढं तर असतं."

कळप समोरच्या चढावर होता, आमच्यापासून दूर. पण एक जनावर एकटंच खाली, झुडपाच्या तोंडाशी उभं होतं. पाठीवरचे केस ताठ. पळत नव्हतं. आमच्याकडेच तोंड करून दात वाजवत होतं.

"एकटा आहे म्हणजे नर," काका म्हणाले. "रानडुकराचंही असंच. मोठा नर कळपात राहत नाही."

इथे मी बोलायला हवं होतं. हावेलिनाचा नर कळपातच राहतो. एकटी होते ती विणारी मादी, तेवढा दिवसभर. हेसुद्धा मी वाचलेलं होतं. दुर्बीण माझ्या डोळ्यांवर होती, झुडपाखाली काय आहे ते पाहायला दहा सेकंद पुरले असते. तेवढ्यात ते जनावर चार पावलं पुढे आलं. एवढंच. आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, मारा!"

त्यांनी मारलं.

पाठीवरची वासाची गाठ कापायची नाही, ती कातड्याबरोबर सुटून येते, तिला लागलेला हात मांसाला लावायचा नाही. मी पत्रकातल्यासारखं धडाधड सांगत होते आणि काका हातमोजे बदलत होते. मग त्यांनी पोटाकडून सुरी घातली आणि पात्यावर पांढरं आलं. त्यांनी ते वाळूत पुसलं. पुन्हा आलं.

"दूध आहे," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

तेवढ्यात झुडपाखालून दोन पिल्लं बाहेर आली. नारळाएवढी, तांबूस, पाठीवरून गडद रेघ गेलेली. पाय अजून लटपटत होते. एक आईच्या कातड्याशी जाऊन हुंगायला लागलं. दुसरं काकांच्या बुटाला चिकटून बसलं. काका पाय हलवेनात. सुरी हातात धरून ते तसेच उभे होते.

ओढ्यात फोनला रेंज नव्हती. पिल्लं झुडपाखाली ठेवून आम्ही मांस घेऊन टेकाडावर चढलो. तिथे रेंज आली. वन्यप्राण्यांसाठीचा नंबर माझ्याच पत्रकावर छापलेला होता.

"नको," काका म्हणाले. "आपण बेकायदेशीर काही केलं नाही. टॅगवर नर-मादी असं काही नसतं. पण माणूस आला की प्रश्न विचारणार. ही मुलगी कोण, इथे काय करत होती, व्हिसा कुठला. दिवस कसे आहेत बघतेस ना?"

मी फोन खिशात टाकला. काकांनी जबरदस्ती केली नाही. मी टाकला.

संध्याकाळी काकूंनी सावजी मसाल्यात रस्सा केला. मांस छान झालं होतं, खोटं कशाला सांगू. त्यांच्या मुलीने ताटात बोट दाखवून विचारलं, "इज धिस पिग?" मी सवयीने म्हणाले, "नॉट पिग." माझ्या पत्रकाची पहिली ओळ. मी ताट बाजूला सारलं. काकांनीही भाकरी नुसती मोडून ठेवली होती.

रविवारी सकाळी मी एकटी तिथे गेले. झुडपाखाली काही नव्हतं. वाळूत बारीक खुरांचे ठसे होते, आणि त्यांच्यावरून कोयोटीचे, म्हणजे इथल्या लहान लांडग्याचे. ते एका दिशेने गेले होते. मी त्या दिशेने गेले नाही. भीती वाटली.

टेकाडावरून मी फोन लावला. पलीकडच्या माणसाने जागा विचारली, पिल्लं केवढी होती ते विचारलं, मग वेळ. मी सांगितली.

"आज सकाळी?"

"काल."

त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, काल कळवलं असतं तर आमचं कोणीतरी तासाभरात आलं असतं. माझं नाव त्याने विचारलं नाही. व्हिसाचा तर विषयही निघाला नाही. आदल्या दिवशी जिच्यापायी मी गप्प बसले, ती भीती पूर्ण फुकट होती, आणि तिची किंमत त्या दोघांनी मोजली.

काकांना मी हे सांगितलं. ते उठून गराजमध्ये गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "लिही. माझ्यावरही लिही."

म्हणून लिहितेय. आपल्या लोकांपैकी ज्यांना यंदा टॅग लागलाय, त्यांनी गावाकडची रानडुकरं विसरा. एकटं जनावर दिसलं, पळत नसलं, तर बंदूक खाली ठेवा आणि त्याच्या मागच्या झुडपात पाहा. आणि तरीही चूक झालीच, पात्यावर दूध आलं, तर घरी जाऊ नका. रेंज येईल तिथवर चढा आणि तिथूनच फोन करा. रविवारी नाही. त्याच मिनिटाला.