पाचोरा रस्त्यावरचं कुत्रं

त्या रविवारी पाचोरा रस्त्यावर कुत्रं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कॉलनीत कुणालाही विचारलंत तर तो तुम्हाला कुत्रंच सांगेल, आणि ते त्याला मीच शिकवलेलं आहे.

मी सोनार. पिंप्राळ्यात घरीच बसून जळगावच्या सराफी पेढ्यांचं काम करायचो. बारीक काम माझं, मंगळसूत्राच्या वाट्या, कड्या, सांधे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसायचो, मग साखर वाढली. समोरच्या घरातला मित्र म्हणाला, "भाऊ, असा बसून बसून मरशील." त्याने स्वतः मला दुकानात नेऊन सायकल घ्यायला लावली. दर रविवारी आम्ही सहा जण निघायचो, शिरसोलीपलीकडे पोहे खायचे आणि परत. माझी साखर उतरली ती त्याच्यामुळे, हे मी आजही नाकारत नाही.

एकामागे एक चालवताना एकच नियम. पुढच्याला थांबायचं असेल तर त्याने हात खाली करून दाखवायचं आणि "हळू" म्हणून ओरडायचं. मागच्याने तेच त्याच्या मागच्याला सांगायचं. त्या दिवशी मित्र माझ्या पुढे होता. त्याच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, मांडववाल्याचा फोन वाजला. त्याने एका हाताने खिशातून फोन काढला, दुसऱ्याने ब्रेक दाबला. ना हात दाखवला, ना तोंड उघडलं. माझं चाक त्याच्या मागच्या चाकाला भिडलं आणि मी उजव्या हातावर आपटलो. माझ्या मागे आबा होते, कॉलनीतले निवृत्त मास्तर. त्यांनी कशीबशी सायकल वळवली. त्यांनी सगळं बघितलं.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "कसं झालं? कुणी धडक दिली का? तसं असेल तर पोलिसांना कळवावं लागतं." मित्र माझ्या उशाशी उभा होता. सबंध रस्ताभर त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि लहान पोरासारखा रडला होता. पोलिसांचं नाव निघताच त्याचा चेहरा पांढरा पडला. घरात हळद, पाहुणे यायला लागलेले, आणि अशात चौकीच्या चकरा. मी म्हणालो, "कुणी नाही साहेब, कुत्रं आडवं आलं." एवढ्यावर थांबावं की नाही? वर म्हणालो, "तांबडं होतं." सोनाराला नुसता सांधा जोडून चैन पडत नाही, त्यावर जिल्हई देऊन चमकवायची खोड असते. डॉक्टरने ते जबाबाच्या कागदावर लिहून घेतलं; उजवा हात मोडलेला, म्हणून त्यावर मी डाव्या हाताचा अंगठा लावला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे असंच करतात. आपल्या माणसाला पोलिसांत कोण देतं?

लग्नाला मी हात गळ्यात अडकवून गेलो. नवरीची माहेरची वाटी माझ्याच कामाच्या पाटावर अर्धी राहिली होती, ती दुसऱ्या कारागिराने पुरी केली. पंगतीत मित्र स्वतः माझ्या शेजारी बसला आणि त्याने मला घास भरवले. लोक हसत होते, मीही हसत होतो. तेव्हा वाटत होतं, दोन महिन्यांत हात पाटावर येईल.

हात आला नाही. हाड जुळलं, पण अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची पकड गेली. चिमटा धरला की गळून पडतो. वर्ष झालं तरी तेच. पेढ्यांनी आधी चौकशी केली, मग काम पाठवायचं बंद केलं. बायको दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावायला लागली. मला मित्राचा राग यायचा. हो, यायचा. त्याने कधीतरी येऊन म्हणावं, "माझ्यामुळे झालं, काय करू सांग." तो रोज यायचा, केळी आणायचा, औषधाची आठवण करायचा. तेवढं एक वाक्य मात्र कधी बोलला नाही.

शेवटी कॉलनीत बभ्रा नको म्हणून मी बसने धुळ्याला गेलो, साडूच्या ओळखीच्या वकिलाकडे. त्याने दवाखान्यातला तो जबाबाचा कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सायकलला विमा नाही, मोटार अपघाताच्या कोर्टात हे बसत नाही. मित्रावर सरळ दिवाणी दावा करावा लागेल. आणि काका, इथे तुमच्याच अंगठ्याने कुत्रं लिहिलंय. एखादा तरी साक्षीदार आणा." तरीही त्याने नोटीस लिहून दिली. म्हणाला, "साक्षीदार मिळाला तर पाठवू. नाहीतर स्वतःच नेऊन दाखवा, कदाचित बोलतील."

मी आबांकडे गेलो. माणूस खोटं बोलणारा नाही. जिवाला लागलं की आबा खान्देशीत बोलतात. "भाऊ, तुना अंगठा शे त्या कागदवर. बठ्ठास्नी कुत्रंच सांगं. आते मी काय सांगू?" अंगठा माझा, आणि कुत्रं सगळ्यांनीच सांगितलेलं, आता ते तरी वेगळं काय सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पाया पडलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी नोटीस शर्टाच्या खिशात घालून मित्राच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो, कागद हातात द्यायचा आणि म्हणायचं, वाच. घरात त्याची मुलगी माहेरपणाला आलेली, तिचे सासरे सोबत. मित्राने माझी ओळख करून दिली. "हे आमचे भाऊ. काय हात होता यांचा, सांगतो तुम्हाला. एका कुत्र्याने वाटोळं केलं. असं झाडामागून निघालं आणि सरळ चाकात. काळं कुत्रं."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलणाऱ्याची नजर कशी चुकते ते मला ठाऊक आहे, उभा जन्म सोनं पारखण्यात गेला. त्याची नजर चुकली नाही. त्याला ते कुत्रं खरंच दिसत होतं. आता त्याच्याकडून ते वाक्य कधीच येणार नव्हतं, कारण ते त्याच्यापाशी उरलंच नव्हतं. हात मोडला तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं मला एकटं वाटलं.

सासरे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं.

"काळं नाही," मी म्हणालो. "तांबडं होतं."

"हो, तांबडं," मित्र म्हणाला. "बरोबर." मग त्याने मुलीच्या ट्रेमधून माझा कप उचलला, कान डावीकडे येईल असा फिरवला, आणि माझ्या डाव्या हातात दिला.