पाठीमागची चेन

माझे वडील लेडीज टेलर. चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे ड्रेस शिवले. त्यामुळे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःसाठी सुपरहिरोचा पोशाख शिवायला बसले, तेव्हा हाताच्या सवयीने चेन लावली ती पाठीमागे. अंगात घातल्यावर लक्षात आलं, की ही आपली आपल्याला लागत नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. घरात उरले मी. म्हणजे रोज सकाळी मी डबा भरत असताना हे गृहस्थ पाठ करून उभे राहणार, आणि मी ओल्या हाताने चेन वर ओढणार.

"उसवून पुढे लावा की," मी एकदा करवादले.

"कापड कमजोर होतं."

कापड म्हणजे कुणाच्या तरी पडद्यांचं उरलेलं निळं अस्तर. गुडघ्यांना सोफ्याच्या कव्हरचे तुकडे. डोळ्यांपुरती भोकं ठेवून डोक्यावरून ओढायचा मुखवटा. चड्डी आतच होती, तेवढी तरी कृपा. आणि नऊ दिवसांतून आठ दिवस गळ्यातली टेप काढायला विसरायचे. कुणापासून काय लपवत होते देव जाणे! सगळी गल्ली त्यांना 'निळे' म्हणायची, आणि सगळ्या गल्लीला निळे कोण ते माहीत होतं.

काम काय, तर आमच्याकडच्या इमारतींना लिफ्ट नाहीत. ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांना निळे खाली उतरवायचे, वर चढवायचे. सिलिंडर, पाण्याचे डबे, कधी माणसंही. चांगलं काम होतं, कोण नाही म्हणतंय? पण साध्या शर्ट-पँटीत करायला काय झालं होतं? मी विचारलं की हसायचे आणि तोंडात टाचण्या धरायचे.

मी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. निळे आठवड्यातून दोनदा तिथे यायचे, कारण आमच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना ते व्यायामाला आणायचे. बाई म्हणजे माझ्या तिसरीच्या वर्गाच्या बाई. पडल्यापासून त्यांचे पाय गेल्यासारखेच झाले होते. निळे त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत, रिक्षातून उतरल्यावर पुन्हा पाठीवर घेऊन आतपर्यंत आणायचे. खिडकीतल्या मैत्रिणी म्हणायच्या, "आला बघ हिरो!" मी कागदात डोकं खुपसायचे. हा माझा बाप आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी हॉल गच्च भरला होता. निळे आले, गळ्यात टेप, पाठीवर बाई. कुणीतरी मोबाइल वर धरला, हशा पिकला. आणि माझ्या शेजारची म्हणाली, "अगं, हा तर तुझ्यासारखाच चालतो!"

माझं डोकं फिरलं. बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या डोक्यावरचा मुखवटा खेचून काढला.

"बाबा, पुरे झालं आता. आणि अंगावर हे काय सांडलंय?"

कंबरेपासून खाली निळं कापड काळपट ओलं झालं होतं. प्रश्न तोंडातून गेला आणि उत्तर मला कळलं. बाईंनी वडिलांच्या मानेत तोंड लपवलं. सगळा हॉल बघत होता. बाबा तसेच वळले आणि बाईंना घेऊन परत गेले.

पुढच्या तीन तारखांना बाई आल्या नाहीत. त्यांचा कागद माझ्याच खिडकीतून परत जायचा. व्यायाम घेणारी डॉक्टर म्हणाली, "अजून महिनाभर अशाच बसून राहिल्या, तर पाय कायमचे आखडतील." मी घरी येऊन बाबांना म्हटलं, "जा ना तुम्ही. त्यांना समजवा."

"मी कसा जाऊ?" मशीन थांबवून ते म्हणाले. "आधी असाच गेलो होतो, उघड्या तोंडाने. म्हणाल्या, मास्तर, इतकी वर्षं माझे कपडे शिवताय, तुमच्या पाठीवर बसले तर उद्या तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ? मग हे शिवलं. दार वाजवलं तर म्हणाल्या, आपण कोण, ओळखलं नाही. आणि बसल्या पाठीवर." त्यांनी दोरा तोडला. "आता ओळखलंय त्यांनी."

मुखवटा बाबांची नाही, बाईंची लाज झाकायला होता. मी मात्र माझी लाज वाचवायला तो ओढला होता. रात्रभर मला माझाच आवाज ऐकू येत होता, हे काय सांडलंय, हे काय सांडलंय.

दोन दिवसांनी पोशाख माझ्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेला दिसला. बाजूंनी आत घेतलेला, बाह्या आखूड केलेल्या. माझं माप त्यांनी विचारलं नव्हतं. मी अंगात घातला, डोक्यावरून मुखवटा ओढला आणि पाठ करून उभी राहिले. बाबांनी चेन वर ओढली.

तीन जिने चढून दार वाजवलं. बाईंनी खुर्ची सरकवत येऊन दार उघडलं. माझ्या हातांकडे पाहिलं, नखं कुरतडायची माझी सवय तिसरीपासूनची आहे. मग डोळ्यांच्या भोकांकडे बराच वेळ पाहिलं. दार लावून घेतलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

"आपण कोण?" बाई म्हणाल्या. "ओळखलं नाही मी."

मी खाली बसले. त्यांनी गळ्यात हात टाकले. बाईंना वजन असं नव्हतंच, तरी पहिला जिना मी कठडा धरून उतरले. मला इतकी लाज त्या हॉलमध्येही वाटली नव्हती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी पाठ कोमट होत गेली. बाईंचा श्वास थांबला.

"काही सांडलं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि पुढची पायरी उतरले.