वैशूचा वारस

आज वैशूला जाऊन वर्ष झालं, आणि तिचा मेलेला बाप माझ्या ओट्यावर बसून चहा पितोय.

मेलेला म्हणजे मी मारलेला. सांगते.

वैशू माझी नात. जामनेरकडं झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती. तिथं पोरांना शिस्त लावायची, आणि सुट्टीला दोंडाईचाला घरी आली की स्वतःची एक चप्पल दारात, दुसरी गॅसपाशी. सव्वीस वर्षांची. डेंग्यू झाला, पाच दिवसांत संपली.

मी रडले नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली. ठेवा.

ती चार वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली. तेराव्याचं जेवण झालं आणि बाप, म्हणजे माझा पोरगा दिलीप, कामाला जातो म्हणून सुरतेला गेला. तिथं दुसरं घर मांडलं. पोरीसाठी ना पैसा, ना फोन.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात आणि घरातल्या मेलेल्यांची नावं घेतात.

पुढच्या आखाजीला मी सासऱ्याचं, नवऱ्याचं, सुनेचं बोट उमटवलं. मग रागाच्या भरात पोरीचं बोट धरून कुंकवात बुडवलं.

"म्हण, दिलीप."

"आजी, बाबा मेला का?"

"हो."

तेव्हापासून दर आखाजीला ते बोट तिचं. मोठी झाल्यावर तिला खरं कळलंच असणार, गाव कुठं गप्प बसतं. पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता तिच्या नोकरीचे पैसे मिळायचेत. फॉर्मवर तिनं नॉमिनी म्हणून माझं नाव लिहून ठेवलेलं.

ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "आजी, नॉमिनी तुम्ही, पण वारस बाप. ते कुठं असतात?"

"मेला तो."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

कुंकवाचा दाखला सरकारात चालत नाही.

त्या पैशावाचून माझं भागणार नाही. गुडघे गेले, शेतातली कामं सुटली. घर तीच चालवायची. म्हणून मीच सुरतेला निरोप धाडला, हक्क सोडल्याची सही करून जा.

परवा आला. डावी बाजू लुळी, काठी टेकत. ती दुसरी बाई केव्हाच सोडून गेलेली.

"माय, मी सही करस. बठ्ठं तुनंच शे. माले फक्त गोळ्यासपुरतं दे." सगळं माझंच म्हणे, त्याला फक्त औषधाच्या गोळ्यांपुरतं हवं.

माझे दीर, नाना, तिथंच होते. "वहिनी, पोरगी तापानं फणफणत होती तेव्हा हा कुठं मेला होता? दमडी देऊ नका."

नाना बरोबर बोलले. मीही तेच बोलणार होते.

तर दिलीप खाली मान घालून म्हणाला, "मी एकदाव वनू व्हतू, माय. आखाजीनं रोज."

आखाजीच्याच दिवशी आला होता म्हणे. कोपऱ्यावरून बघितलं तर त्याचीच पोर त्याचं नाव घेऊन उंबरठ्यावर बोट उमटवत होती. तिथूनच परत फिरला.

मी म्हटलं, "बावीस वर्षांत एकदा. एक एसटी चुकली की माणूस पुन्हा स्टँडवर जातच नाही का रे?"

नाना हसले.

मी बोलायचं ते बोलून घेतलं, पण तेव्हापासून तो उंबरठाच डोळ्यांसमोर येतो.

त्यानं पोर टाकली. दार मी लावून घेतलं. त्या पोरीला बाप हवा होता की नको, हे आम्हा दोघांपैकी कुणीच तिला विचारलं नाही.

कायद्यानं तो सगळंच नेऊ शकतो. नेत नाही, गोळ्या मागतोय. ते जास्त वाईट आहे. भांडता तरी आलं असतं.

वैशू, तुझ्याच मोबाइलवर बोलून हे लिहितेय.

तुझ्या पैशातून मी त्याला गोळ्या आणणार आहे. नाना माझ्याशी बोलणं सोडतील. सोडू दे.

तुझा बाप म्हणून त्याचा काडीचा हक्क नाही. पण माझ्या पोटचा आहे, आणि माझ्याकडं तुझ्या पैशाशिवाय दुसरे पैसे नाहीत.

तुला हे चाललं असतं का? मला खरंच माहीत नाही गं. आता कुणाला विचारू?

जा बाई. आजीचा राम राम घे.