आमच्या मॅडमची दोनशे घरं

मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मी सोळा वर्षं सिस्टर होते. तिथला सांगण्यासारखा किस्सा आठवायचा म्हटलं तर डोकं खाजवावं लागतं. त्रिमूर्तीनगरातल्या या दोन खोल्यांच्या दवाखान्यात येऊन चारच वर्षं झाली, पण इतके साचलेत की घरी जेवताना एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये घुसतो. कारण साधं आहे. तिथे कुणाला बोलायला वेळच नव्हता.

इथली पद्धत वेगळी. डॉक्टर मॅडमनी मोजकी दोनशे कुटुंबं घेतली आहेत. वर्षाची मेंबरशिप घ्यायची, मग वर्षभर केव्हाही या, फोन करा, बसा. एकेका पेशंटला अर्धा तास. पहिली दहा मिनिटं माणूस आजार सांगतो. खरं काय ते त्यानंतर येतं.

नावं बदलून सांगते.

*

बोरकरकाका कोराडीच्या पॉवर स्टेशनातून रिटायर झालेले. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये मीटर वाचण्यात गेली. मॅडमनी त्यांना रोजचं बीपी लिहून ठेवायला सांगितलं, तर काकांनी लॉगबुकच आणलं. आखलेले रकाने. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, आणि शेवटी शेरा. शेरा रोज एकच, 'नॉर्मल'.

मॅडम पानं उलटताना एका ठिकाणी थांबल्या. आठ दिवस आकडे चांगलेच चढलेले, शेरा मात्र तोच.

"काका, हे आठ दिवस काय झालं होतं?"

"काही नाही. ही सावनेरले बहिणीकडे गेली होती."

"गोळी चुकली का?"

"गोळी कशी चुकन? हिनं डब्यात वार लिहून भरून ठेवल्या होत्या."

"मग?"

"घरात आवाज नव्हता ना," काका म्हणाले.

मॅडमनी 'नॉर्मल' खोडलं आणि शेऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पुढच्या वेळी दोघांनी जावं.'

*

कुंदाताईंच्या घरी पाच माणसं. सासू, नवरा, दोन मुलं आणि त्या. चौघांच्या फाइली जाड. ताईंच्या फाइलीत एकच पान, त्यावर नाव आणि ब्लडग्रुप. सासूबाईंचे गुडघे, धाकट्याचा दमा, सगळ्याला ताईच घेऊन यायच्या.

एकदा मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी कोणाला आणू नका. एकट्या या."

"एकटी येऊन काय करू? मले तर काही होऊन नाही राहिलं."

"तेच बघू."

मंगळवारी आल्या. मी त्यांना तपासायच्या टेबलावर आडवं केलं, दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि मॅडमना बोलवायला गेले. येऊन बघते तर ताई गाढ झोपलेल्या. मी हलवायला लागले, तर मॅडमनी माझा हात धरला. पट्टा हलकेच सोडवला, पंखा कमी केला, दार लोटलं. पुढचे तीन पेशंट त्यांनी माझ्या काउंटरपाशी बसून तपासले.

दीड तासानं ताई ओशाळून बाहेर आल्या. "सिस्टर, उठवलं काहून नाही वं?"

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. तेवढ्या रक्तावर ही बाई पाच माणसांचं घर ओढत होती. पुढे कारण सापडलं, उपचार झाले, आता बऱ्या आहेत. मधल्या काळात मॅडमनी त्यांच्या नवऱ्याला एकट्याला बोलावून आतल्या खोलीत बसवलं होतं. काय बोलल्या मला माहीत नाही. पण तेव्हापासून सासूबाईंना तोच घेऊन येतो.

*

नामदेवराव गोळीबार चौकाकडचे, विणकरांच्या घरातले. तरुणपणी मागावर बसले, माग बंद पडल्यावर कापडाच्या दुकानात लागले. दाखवायला आले खोकला, पण दोन्ही हात शालीखाली.

"ह्यायचा हात घरी सारा वेळ थरथर कापते," बायकोनं सांगून टाकलं. "म्हणून मुलानं दुकानात जाणं बंद केलं ह्यायचं."

मॅडमनी ड्रॉवरमधून शिवायचा दोरा काढला, मधोमध तोडला. "काका, हा जोडून द्या बरं."

शालीतून हात बाहेर आले. बोटांनी एक पीळ, आणि दोरा सलग. हात जराही हलला नाही. दोरा खाली ठेवून त्यांनी हात मांडीवर टेकवले, आणि कंप पुन्हा सुरू झाला. मॅडमनी समजावलं की हा कंपवात दिसतो, यात असंच होतं, हात स्वस्थ असला की जास्त थरथरतो. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते, औषध आहे.

नामदेवराव बायकोकडे वळले. "आयकलं का? रिकामा बसला का भेऊन कापते हात. मुलाले सांग."

*

हा किस्सा मॅडमना मी सांगितलेला आवडणार नाही.

कन्हानचे सुनीलभाऊ, ट्रान्सपोर्टचा धंदा. रविवारी झणझणीत सावजी मटण झालं आणि दुपारी फोन आला, छातीखाली जळजळ होते. मॅडम फोनवर म्हणाल्या, अॅसिडिटी असेल, गोळी घ्या. दोन तासांनी घरच्यांनी त्यांना गाडीत घालून आणलं. हार्ट अटॅक होता. हॉस्पिटलला पोचले, वाचले.

तिसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन त्यांना भेटायला गेल्या. खोलीत भाऊ, त्यांची बायको, दोन मेहुणे. मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या, "फोनवर मी चुकले. तेव्हाच ईसीजीला बोलवायला हवं होतं."

एक मेहुणा तावातावानं उठला. तेवढ्यात भाऊंची बायको म्हणाली, "बस गा खाली." मग मॅडमकडे पाहून, "आतापर्यंत जेथं गेलो तेथं चूक आमचीच निघाली. उशिरा आणलं, हे खाल्लं, ते खाल्लं. डॉक्टरची निघाली ती पयल्यांदाच."

त्या घराची मेंबरशिप आजही आहे. आणि दवाखान्यातल्या फोनशेजारी मॅडमच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय, 'जळजळ म्हणाले तरी ईसीजी.'

*

पत्कीकाका एकटे राहायचे. मुलगी मुग्धा कॅनडात, मेंबरशिप तिनेच घेऊन दिलेली. ऑगस्टमध्ये काकांचा रिपोर्ट आला. कॅन्सर, बराच पसरलेला. मॅडमनी काही न लपवता सांगितलं.

काकांनी शांतपणे ऐकलं. "मुग्धाला कळवायचं नाही. तिची नवी नोकरी आहे, मुलगी लहान आहे. वेळ बघून मीच सांगेन."

"मी कळवणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"मग मी तिला बजावतो, डॉक्टरांना काही विचारायचं नाही म्हणून."

चार दिवसांनी मुग्धाचा फोन आला. मॅडमचे हात कामात होते, म्हणून मी स्पीकर लावून फोन त्यांच्यापुढे ठेवला.

"डॉक्टर, बाबांनी त्यांच्याबद्दल तुम्हाला काही विचारायचं नाही असं सांगितलंय. मी विचारत नाही. मला फक्त तिकीट काढायचंय. दिवाळीत येऊ की नाताळच्या सुट्टीत?"

मॅडमनी हातातलं काम थांबवलं.

"दिवाळीत विमानांना फार गर्दी असते गं," त्या म्हणाल्या. "तान्ह्या पोळ्याला ये. मुलीलाही आण, लाकडी बैल मिरवू दे तिला."

"तान्हा पोळा कधी आहे?"

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"याच शनिवारी."