सुभद्राच्या कागदातल्या चार ओळी

ही गोष्ट सुभद्रा जिवंत होती तेव्हा तिला सांगितली नाही. ती गेल्यावर लेकीला सांगितली नाही. विहारात डोळे मिटून बसतो, तेव्हा स्वतःशीही कधी पुरती बोललो नाही. आज लिहितो आहे. चौथी शिकलेला माणूस मी, अक्षर वाकडं येईल. येऊ द्या.

सुभद्रा माझी बायको. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. गावाला वाटतं तिचं आयुष्यच तेवढं होतं. कोणी तसं म्हटलं की मी मान हलवतो. मान हलवायला काय लागतं?

कुठून सुरू करू? — वाचण्यापासूनच करतो.

महागाव तालुक्यातलं आमचं गाव. आमच्या गल्लीत, माझ्या वयाच्या माणसांत, वाचता येणारा मी एकटा. फवारणीच्या डब्यावर काय लिहिलं, पोराची चिठ्ठी काय म्हणते, तहसीलचा कागद कशाचा — सगळे माझ्याकडे यायचे. मी मोठ्यानं वाचायचो, लोक ऐकायचे. मी जे म्हणेन ते कागदात, असा विश्वास. मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला सांगू.

कपाशीचे वाईट दिवस होते ते. बियाण्याचे इतके वाण बाजारात आले होते की थैलीवरचं चित्र पाहून माणूस चक्रावून जाई. बोगस निघालं तर तक्रार करायला रिकामी थैली अन् पावती लागते, म्हणून प्रत्येक घरात त्या थैल्या आढ्याला खोचून ठेवलेल्या असायच्या. माझ्याही घरी होत्या. त्यातली एक अजून आहे.

त्याच वर्षांत शहरातून एक डॉक्टरबाई गावात आल्या. विहारात सभा भरली. बायांची तपासणी करायची म्हणाल्या. एचपीव्ही नावाचा विषाणू आहे, आपल्या जिल्ह्यात तो किती बायांत आहे अन् त्याचे कोणकोणते प्रकार आहेत, हे पाहायचं आहे. पुरुषांनाही मुद्दाम बसवलं. आम्ही खाली मान घालून बसलो. मग बाईंनी आमच्याच भाषेत घेतलं — म्हणाल्या, तुमच्या कपाशीसारखे याचेही पुष्कळ वाण आहेत. बहुतेक वाण निरुपद्रवी. अंगात येतात, आपोआप जातात, कळतसुद्धा नाही. थोडेच वाईट, अन् तेही टिकून राहिले तरच त्यातून गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो.

मागून कोणी तरी बोललं, "मंग बाई, याच्या थैलीवर चित्र कोनतं असते?"

सगळे हसले. बाईही हसल्या. "थैली नसते ना दादा, म्हणून तर तपासावं लागते."

पुढं त्या जे बोलल्या ते मी नीट ऐकलं, हे इथं लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या, हा नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, पण वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. लय घरांत सापडतो. सापडला म्हणून कोणी वाईट चालीचं ठरत नाही. कोणी कोणावर बोट दाखवायचं नाही. — दोन्ही कानांनी ऐकलं मी हे. उद्या कोणी म्हणेल, बिचारा अडाणी होता, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

सुभद्रानं तपासणी करून घेतली. शेजारच्या यमुनानंही. यमुना विधवा, माझ्यापेक्षा लहान, मला भाऊजी म्हणते. महिन्याभरानं अंगणवाडीच्या बाईनं दोघींच्या हातात बंद पाकिटं दिली. दोघी माझ्यासमोर ओट्यावर येऊन बसल्या.

"आधी हिचा वाचा," सुभद्रा म्हणाली.

यमुनाचा वाचला. विषाणू निघाला होता, पुढच्या तपासणीला बोलावलं होतं. सगळं जसंच्या तसं वाचलं. यमुना घाबरली. "नवरा मरून इतके वर्सं झाले भाऊजी, आता कुठून आलं हे?" मी तिला डॉक्टरबाईचं बोलणं समजावून सांगितलं — गप्प पडून राहते, लय बायांत निघते, भेव नाही, पण तपासणीले जावंच लागते. चांगलं समजावलं. माझ्याइतकं चांगलं त्या दिवशी गावात कोणी समजावलं नसतं.

मग सुभद्राचं पाकीट फोडलं. त्याच ओळी. नाव अन् वय तेवढं वेगळं.

अन् यमुना डोळे पुसत हसून म्हणाली, "वैनीचं काय निघनार हाये! भाऊजी तं धुतल्या तांदळासारखे."

आता ते सांगतो. त्याच्या काही वर्षं आधी पुसदला कापूस घेऊन गेलतो. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग, मोजणी होईना, आठ दिवस तिथंच पडून होतो. तिथं एका बाईकडे गेलो. दोनदा. घरी परत आलो तेव्हा सुभद्रानं पाणी तापवून दिलं, थकले असाल म्हणाली. तिला कधी कळलं नाही.

आता कागद हातात घेऊन बसलो तर ते आठ दिवस त्यावरच लिहिल्यासारखे दिसायला लागले. नव्हते लिहिलेले. एक अक्षर नव्हतं माझ्याबद्दल. पण मला वाटलं, हे वाचलं की सुभद्रा माझ्याकडे पाहील. नुसती पाहील — काही बोलणारही नाही कदाचित. तेवढी एक नजर मला झेपली नसती. म्हणून —

"काही नाही निघालं," मी म्हणालो. "सगळं बरोबर हाये."

एका दमात म्हणालो. ओळींवरून बोट फिरवत म्हणालो, वाचल्यासारखं.

सुभद्रानं हात जोडले. मग यमुनाला म्हणाली, "तू कायले भेते? मी येतो ना तुह्यासंग." अन् गेली. यवतमाळच्या दवाखान्यात यमुनासोबत तीनदा गेली ती. यमुना आत, ही बाहेर बाकड्यावर. ज्या दारातून हिला आत जायचं होतं, त्याच दाराशी यमुनाची पिशवी सांभाळत बसली. मी तिला एसटीत बसवून द्यायला जायचो. तीनही वेळा गेलो. तीनही वेळा तोंड उघडता आलं असतं.

कागद मी बियाण्याच्या थैलीत घातला अन् थैली आढ्याला खोचली.

पुढं वेचणीच्या दिवसांत एक नवी नर्स सुभद्राबाईंना शोधत आली. भर दुपारी. मी ओट्यावर, सुभद्रा वावरात. नर्स म्हणाली, "काका, मावशी आल्याच नाहीत तपासणीले. त्यायचं येणं लय जरुरी हाये."

"ते माहेरी गेली, मारेगावले," मी म्हणालो. "तिकडंच दाखवलं."

"कोणत्या दवाखान्यात?"

"मले काय माहीत बाई? दाखवलं म्हने ते."

ती वहीत काही लिहीत उभी राहिली. अन् तिच्या खांद्यावरून मला रस्ता दिसला — सुभद्रा डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येत होती. मी उठलो. "झालं ना बाई? मले काम हाये," असं म्हणून त्या पोरीला जवळजवळ अंगणाबाहेर काढलं. ती निघाली. इकडून ही, तिकडून ती. रस्ता अरुंद, बाजूला काटेरी कुंपण. सुभद्रानं गाठोडं सावरत बाजूला होऊन तिला वाट दिली. नर्सनं मान लववली, हिनंही लववली. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. दोन हातांचं अंतर होतं, फार तर. मी ओट्यावर उभा राहून पाहत होतो, अन् मनात काय म्हणत होतो माहीत आहे? — बोलू नका. बोलू नका.

नाही बोलल्या.

"कोन होती ते?" सुभद्रानं गाठोडं टाकत विचारलं.

"सर्वेवाली. तब्येत कशी हाये, विचारून गेली."

"चांगली पोरगी दिसली," ती म्हणाली. "उन्हाची आली बिचारी. पानी तरी पाजलं का तुमी?"

तीन वर्षं काही झालं नाही. मला वाटलं, गेला असेल आपोआप. बाईच म्हणाल्या होत्या ना, जातो म्हणून? मग पाळी बंद झालेली असून सुभद्राला रक्त जायला लागलं. तिनं मला विचारलं, "कागदात तं नव्हतं ना काई?" मी म्हणालो, नव्हतं. मग ती उष्णता समजून धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिली. किती दिवस? एक अख्खा उन्हाळा. मी रोज तो पेला पाहत होतो.

दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरनं विचारलं, आधी कधी तपासणी झाली होती का? सुभद्रा कशी खूश होऊन म्हणाली, "झाली ना! काही नाही निघालं. यायनंच वाचला कागद." डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. कागद आहे का, विचारलं.

"उंदरानं खाल्ला," मी म्हणालो.

तेव्हाही. तिचा हात माझ्या हातात होता, तेव्हाही.

ती गेली. ज्या नजरेला मी भ्यालो, त्या नजरेनं तिनं मला शेवटपर्यंत पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं ते नेहमीसारखंच. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

यंदा तिच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले होते. यमुना उठून उभी राहिली. केस पांढरे झाले, पण तब्येत ठणठणीत. म्हणाली, "भाऊजीनं माहा कागद बरोबर वाचला अन् मले पाठवलं, म्हणून मी आज जित्ती हाये. वैनी तं माह्यासंग बाकड्यावर बसून राह्यली होती." बाया डोळे पुसायला लागल्या. मी हात जोडून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

घरी आलो अन् थैली काढली. वरचं बोंडाचं चित्र उडालं आहे. कागद शाबूत. उंदरानं शिवलासुद्धा नाही. त्या दिवशी ओट्यावर जे वाचायचं होतं, ते आता वाचतो. मोठ्यानं वाचतो. घरात कोणी नाही.

सुभद्राबाई, वय बेचाळीस.
तपासणीत विषाणू आढळला आहे, त्याचा प्रकार धोक्याचा आहे.
घाबरू नये, वेळेवर इलाज केल्यास आजार टळतो.
पंधरा दिवसांच्या आत पुढील तपासणीस यावे, सोबत घरच्या माणसाला आणावे.

एवढंच होतं त्यात.